कपाटातला आठवा हात

१२ मार्च २०१९, मंगळवार

घेतलं! घेतलंच शेवटी!

सकाळी प्रेरोवहून झ्बिनेकचा फोन. त्याचं जुन्या हत्यारांचं दुकान आहे. लोक विकायला ठेवून जातात, तो आपलं कमिशन कापून विकतो. म्हणाला, "बाई, एक रशियन आलंय. तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय. पण बघितल्यावर मला शिव्या देऊ नका."

गेले. बघितलं. शिव्या दिल्या. मग घेतलं.

मार्गोलिन पिस्तूल आहे. पॉइंट टू-टूचं, नेमबाजीचं, लांब नळीचं. आमच्या तरुणपणी प्रत्येक क्लबात असायचं तसलं. कोण्या शहाण्याने स्पंजच्या पेटीत घालून वर्षानुवर्षं बंद करून ठेवलेलं! स्पंज ओल धरून ठेवतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. नळीच्या डाव्या अंगाला गंजाचा पट्टा, आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, स्प्रिंगमध्ये जीव नाही.

पण मूठ! अक्रोडाची, हाताने कोरलेली, कोणा एकाच माणसाच्या हातावर बेतलेली. दुकानातच मला घाम फुटला.

"कोणी आणलं?"

"नाव सांगायचं नाही अशी अट आहे."

"अट? कोणाची अट?"

"अहो बाई, तेच तर सांगायचं नाही!"

किंमत इथे लिहीत नाही. नवरा, म्हणजे आमचा ओल्डा, माझी वही वाचतो असा मला संशय आहे. (ओल्डा, वाचत असशील तर — चष्मा फ्रिजवर आहे.)

१४ मार्च

पोलिसांत नोंद झाली. खिडकीतली पोरगी म्हणते, "आजी, हे आठवं?" म्हटलं, आजी घरी. इथे कोत्रबोवाबाई.

१७ मार्च, रविवार

हात काढला.

माझी ही पद्धत अख्ख्या मोराव्हियात दुसऱ्या कोणाकडे नाही, हे मी छाती ठोकून सांगते. चाळीस वर्षं लोकांचे दात बनवले — कवळ्या, टोप्या, पूल. जबडा दाखवा, माणूस सांगते. मग मूठ बघून हात का सांगता येऊ नये? नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ म्हणजे काय? माणसाच्या तळव्याचा साचाच की! तिच्यावर व्हॅसलीनचा हात फिरवायचा, दातांचं पांढरं प्लास्टर दोन बाजूंनी थापायचं, सुकलं की अलगद सोडवायचं. आतून तळवा निघतो. बोटांच्या आतल्या बाजू, अंगठ्याचा उंचवटा, सगळं. मागची बाजू नसते, नखं नसतात, नुसता मुठीच्या आतला हात. माझ्या कपाटात असे सात आहेत. सातांचे सात मालक मी हुडकून काढले. एकाला तर खाटकाच्या दुकानात ओळखलं, पैसे मोजताना!

हुडकावेच लागतात. आमच्या क्लबचा नियमच तसा आहे. २८ सप्टेंबरला, सेंट वाक्लावच्या सणाला, जुन्या पिस्तुलांचा सामना असतो. पिस्तूल स्वतः दुरुस्त केलेलं हवं, आणि पहिली गोळी जुन्या मालकाची. तो गेला असेल तर त्याच्या घरच्या कोणाची तरी. तोवर त्यातून एक गोळी उडवायची नाही की मुठीवर कानस लावायची नाही. ती पहिली गोळी लागलेला कागद क्लबच्या भिंतीवर चिकटतो, तेव्हा कुठे पिस्तूल आपलं म्हणायचं. बाहेरचे लोक हसतात. हसू देत.

आणि जिंकणाऱ्याला मिळतो तक्ता — रंगवलेला लाकडी गोल, त्यावर त्या वर्षीचं चित्र, खाली नाव. क्लबच्या भिंतीवर कायमचा. अकरा तक्त्यांवर वेंदेलीन ह्रुबेश. ब्लाझेना कोत्रबोवा — शून्य. दोनदा एका गुणाने हरले, दोन्ही वेळा त्याच्याकडूनच. या वर्षी तक्ता माझा! लिहून ठेवते.

आता आठवा हात. बाईचा आहे! लहान तळवा, लांब बोटं, करंगळी किंचित आत वळलेली. अंगठा इतका दाबून धरायची सवय की तिथे लाकडात चांगला खळगा केलाय. बाई तोऱ्याची असणार. कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. असल्या बायका क्लबात आल्या की भांडणं ठरलेलीच.

कोरणारी मात्र ती नव्हे. पटाशीचे घाव उलट्या अंगाने उतरलेत, म्हणजे कोरणारा डावखुरा. आणि काय काम केलंय! मी कोणाला लवकर चांगलं म्हणत नाही, पण हे काम माझ्या तोडीचं आहे.

२० मार्च, बुधवार

क्लब. पिस्तुलाची बातमी माझ्या आधी पोचली होती.

वेंदेलीन आपल्या कोपऱ्यात. अध्यक्ष ना! एकाहत्तर वर्षांचा झाला, पण मिशी अजून तशीच ताठ. या वसंतात नेमबाजी बंद केलीय त्याने. "डोळे," म्हणतो. नाकाने कांदे सोलत बसतो आणि बाकीच्यांच्या चुका काढतो. बिअरचा मग हल्ली दोन्ही हातांनी धरतो, दूध पिणाऱ्या पोरासारखा. अध्यक्षांची नवी ऐट असेल.

"काय दातवाल्याबाई, भंगार उचललंत म्हणे?"

"भंगार नाही, मार्गोलिन."

"मालक कोण?"

"सापडेल. हात काढलाय." मी पिशवीतून प्लास्टर काढून पुढे ठेवलं. त्याने ते मांडीवर घेतलं. बराच वेळ बघत राहिला. म्हटलं, "ओळखलास?"

"मी कशाला ओळखू? ओळखायचा तू. सारखी टेंभा मिरवतेस ना?"

"ओळखीनच! नाही ओळखला तर सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन, की ब्लाझेना कोत्रबोवाला हातातलं काही कळत नाही."

"आणि ओळखलास, तर मी सगळ्यांसमोर तुझे बूट पुसेन," वेंदेलीन म्हणाला.

सगळं टेबल ऐकत होतं. हात दाखवून अवलक्षण! पण मी कधी चुकलेय का?

७ एप्रिल

दिवसभर गंज. तेल, तांब्याची पट्टी, हलका हात. घाईघाईत घासलं तर गंजाबरोबर कारखान्याचे शिक्केही जातात. तसले चकाचक प्रेतासारखे पॉलिश केलेले नमुने मी खूप बघितलेत. गंज गेला. खाली बारीक खड्डे राहिलेत. राहू देत, चेहऱ्यावर देवीचे व्रण असतात तसे. पिस्तूल जगलंय, ते दिसायला हवं.

२२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

रिवाजाप्रमाणे ओल्डा विलोची छडी घेऊन मला फटका द्यायला आला. माझ्या हातात हातोडी होती. रंगवलेलं अंडं घेऊन गुपचूप गेला.

५ मे

घरात युद्ध. नळी काळी करायची तर आधी मुद्दाम पातळ गंज चढू द्यायचा, मग उकळत्या पाण्यात बुडवायची, लाल गंज काळा होतो, बारीक तारेने चोळायचा. मग पुन्हा तेच. आणि पुन्हा. मन भरेस्तोवर. एवढी लांब नळी मावेल असं घरात एकच भांडं — ओल्डाचा बदकाचा ट्रे! नोव्हेंबरातलं सणाचं बदक तो त्यातच भाजतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

"ब्लाझेना! माझ्या ट्रेमध्ये पिस्तूल शिजतंय!"

"उकळतंय. शिजत नाही."

"आणि बदकाला बंदुकीची चव लागली म्हणजे?"

"म्हणजे ते शिकार केल्यासारखं लागेल. लोक त्याचे जास्त पैसे देतात."

फाटक आपटून बागेत गेला. संध्याकाळी आत आला, नळी दिव्याखाली धरली, उलटसुलट बघितली. "बरी झालीय," म्हणाला. ओल्डाच्या तोंडून "बरी" म्हणजे काय चीज आहे ते मलाच माहीत!

१९ मे

त्या काळी आमच्या भागात नेम धरणाऱ्या बायका होत्या तरी किती? मी, व्लास्ता आणि व्सेतीनची ती उंच. उंच केव्हाच वारली. तिच्या मुलाकडे फोटो बघितला, पंजा हा एवढा पुरुषी. आज व्लास्ताकडे गेले, वृद्धाश्रमात. खसखशीचा केक नेला. केक खाल्ला, हात दाखवला. जाडा, आखूड. नाही.

ती म्हणाली, "तू होतीस आपल्यातली खरी. तू ब्याऐंशी साली गेली असतीस तर..."

मी विषय बदलला.

२० मे

विषय इथे तरी का बदलू?

ब्याऐंशी साली मी सत्तावीस वर्षांची होते. जिल्ह्यात पहिली, प्रांतात पहिली. बायकांत नव्हे हं, सगळ्यांत! ऑक्टोबरात देशपातळीचा सामना, संघात माझं नाव. वेंदेलीन कप्तान. तेव्हा स्वतःचं पिस्तूल कुठलं? क्लबचंच. मुठीवर पोरं खेळतात ती हिरवी माती थापून मी माझा हात बसवला होता. जूनमध्ये कळलं की मला दिवस गेलेत. डॉक्टर म्हणाले, धूर नको, धक्के नकोत, धावपळ अजिबात नको. मी क्लबात गेले. हिरवी माती खरवडली, बादलीत टाकली. आणि वेंदेलीनला म्हटलं, "मी येत नाही. मला मूल होणार आहे."

तो म्हणाला, "बरं."

एवढंच! ना अभिनंदन, ना "वाईट वाटलं". पाठ फिरवली आणि हत्यारांच्या खोलीत गेला. मी रडत घरी आले. पुढच्या जानेवारीत हेद्विका झाली, तिच्या एका नखाची सर कुठल्या पदकाला नाही, हे मी आजही म्हणते. पण अकरा वर्षं पिस्तूल हातात धरलं नाही. आणि ते "बरं" मी त्याला कधी माफ केलं नाही. करणारही नाही.

१६ जून

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आज मुठीवरची जुनी धूळ कापडाने टिपली. खाली लाकूड कोरं! अक्रोड घाम पितं. एक मोसम जरी मूठ वापरली तरी अंगठ्याच्या खळग्यात काळा डाग पडतो. माझ्या सातही पिस्तुलांवर आहे. इथे काही नाही. ज्या हातासाठी एवढं मन लावून कोरली त्या हाताने ही मूठ कधी धरलीच नाही?

मेली असेल का ती, मूठ पुरी व्हायच्या आधी? आज जेवण गेलं नाही.

१३ जुलै

पुरं झालं!

काय सांगू? नळी काळीभोर, निळ्या झाकेची, खड्डे जिथल्या तिथे. नवी स्प्रिंग. खटका असा सुटतो की सुटल्यावर कळतं. ज्याने हे पिस्तूल रचलं तो आंधळा होता म्हणतात, मेणामातीत नमुने करून बोटांनी बघायचा. मीही आज डोळे मिटून जोडलं. पहिल्या फटक्यात! टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं म्हणून स्वतःच वाजवल्या.

धरून बघितलं. मूठ मला टोचते. करंगळीपाशी अडकते, सांध्यांवर दाबते. माझे सांधे आता आल्याच्या गड्ड्यासारखे झालेत. एरवी कानशीचे दोन हात फिरवले असते. पण नियम तो नियम.

एवढं देखणं काम गावात दुसऱ्या कोणाला जमणार नाही. वेंदेलीनलाही नाही.

११ ऑगस्ट

झ्बिनेककडे गेले. प्लमचे गोड गोळे डबाभर नेले. त्याने सगळे खाल्ले, डबा चाटला आणि म्हणाला, "बाई, नाही म्हणजे नाही. शब्द दिलाय."

"निदान बाई की बुवा?"

"गोळ्यांत दालचिनी थोडी जास्त झाली."

नालायक!

बसमध्ये बायकांचे हात बघत आले. एकीने पर्स उचलून पोटाशी धरली.

४ सप्टेंबर

क्लब. वेंदेलीन मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दातवाल्याबाई, मी पुसायचे ते बूट पॉलिश करून ठेवलेत ना?"

"तुझं फडकं धुऊन ठेव!"

घरी आल्यावर आठवा हात कपाटातून काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याशी भांडले. कोण आहेस बाई तू? बोल की!

१५ सप्टेंबर, रविवार

नीट लिहिते.

हेद्विका ओलोमौत्सहून आली, प्लमच्या मोसमात येते तशी. ओल्डा गोळे करत होता, मी बिया काढत होते. हेद्विकाला पिस्तुलांचा तिटकारा आहे. आयुष्यात एकदाही धरलं नाही. टेबलावर आठवा हात पडला होता, त्याचे दोन्ही अर्धे. बोलता बोलता तिने एक उचलला, त्यावर आपला तळवा टेकवला, चाळा म्हणून. मग थांबली. बोटं सरकवली. दुसरा अर्धा घेतला आणि शेजारी आपली मूठ अर्धवट मिटून धरली.

"आई, हा माझा साचा तू कधी काढलास?"

"तुझा? चल! चाळीसेक वर्षांपूर्वीच्या मुठीचा आहे तो."

"अगं, बघ तरी!"

बघितलं. तळव्याची रेघ न् रेघ. करंगळी आत वळलेली. अंगठा — बसमध्ये दांडा धरतानासुद्धा ती तसाच दाबते. मी म्हटलं, "योगायोग."

ओल्डा शेगडीपाशी, पाठमोरा. हातावर पीठ. म्हणाला, "तिचा हात तुझ्यावर गेलाय हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

मी प्लास्टर हातात घेतलं आणि न्हाणीत गेले, दार लावलं. माझे हात बघितले. सुजलेले, वाकडे. मग करंगळी बघितली. अजून आत वळते.

मुठीच्या आतली बाजू स्वतःची स्वतःला कधी दिसते? आणि मी! जबडा दाखवा माणूस सांगते म्हणणारी मी!

तोऱ्याची बाई. कोणाचं ऐकून न घेणारी. मार्चमध्ये मीच लिहिलंय, शाईत. हसू आलं, मग नाही आलं.

माझ्यासाठी मूठ कोरली होती कोणी तरी. आणि मी ती कधी धरली नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

कळलं.

क्लबात चरबी-पाव होता. मोठा पाव कापायला वेंदेलीन उठला, दुसरं कोणी नव्हतं. सुरी डाव्या हातात. पिस्तूल तो उजव्याने धरतो, सगळं आयुष्य मी त्याचा तोच हात बघत आले. पण पाव कापतो डाव्याने. पटाशीही डाव्यानेच धरत असणार.

उजव्याने पाव दाबून धरला होता. तो उजवा हात थरथरत होता. थोडा नाही. पाव फळीवर टकटक वाजत होता. त्याने झटकन सुरी टाकली, हात टेबलाखाली घेतला, दाराकडे बघितलं. मी कपाटाआड होते. मला बघितलं नाही त्याने.

म्हणजे मग दोन्ही हातांनी धरतो ती ऐट नव्हती. आणि डोळे ठणठणीत आहेत. म्हणूनच नेमबाजी बंद केलीय त्याने, आणि हे पिस्तूल अशा ठिकाणी विकायला ठेवलं, जिथून झ्बिनेक पहिला फोन मलाच करणार.

बस न घेता चालत आले घरी.

२२ सप्टेंबर, रविवार

ओल्डाला सगळं सांगितलं. न सांगता राहवेना. मनात धाकधूक, बोलून-चालून नवरा आहे, काय म्हणेल?

तो म्हणाला, "म्हणजे वेंदेलीन नुसती मूठ कोरून थांबला. मी लग्न करून बसलो. जास्त हिंमत कोणाची?"

"तुझीच रे बाबा."

"मग ठीक आहे. बदकाचा ट्रे मात्र नवा आण."

पण खरा पेच वेगळाच आहे. मालक सापडला. पैज जिंकले मी! आता क्लबात जाऊन नाव घ्यायचं, की पिस्तूल सामन्यात. या पिस्तुलासमोर यंदा कोणी टिकणार नाही, तक्ता माझा. आणि नाव घेतलं की पहिली गोळी त्याची. एका हाताने, उभं राहून, सगळ्यांच्या देखत. त्या हाताने! अकरा तक्ते नावावर असलेला माणूस, आणि पोरंटोरं बघणार की कागदालासुद्धा लागत नाही.

माझा राग आहे त्याच्यावर. सदतीस वर्षांचा आहे. पण एवढा नाही.

२७ सप्टेंबर

ठरलं. उद्या उभी राहीन आणि सांगेन — मालक सापडला नाही. मला हातातलं काही कळत नाही. शब्द दिला होता, पाळते. पिस्तूल सामन्याबाहेर.

हसतील. पुढची दहा वर्षं हसतील. ओल्डा म्हणतो, "तुला जमेल? तू तर पत्त्यांत हरलीस तरी पत्ते बदलतेस." जमवीन. पिस्तूल पुसून ठेवलंय. बूटही.

२८ सप्टेंबर

उभी राहिले. म्हटलं, "सापडला नाही. मला हातातलं काही कळत नाही."

कोणी हसायच्या आत वेंदेलीन उठला. "धादांत खोटं! बुधवारी कपाटाआडून हिचे बूट दिसत होते मला." मग त्याने उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि थरथरू दिला. "हा असा झालाय. बघून घ्या, पुन्हा पुन्हा विचारू नका. ते पिस्तूल आपला जुना क्लब मोडला तेव्हा मी घेतलं आणि तिजोरीत सांभाळलं, एवढंच. माझं कधीच नव्हतं. हिने बादलीत टाकलेली हिरवी माती उचलून तिच्यावरून ही मूठ कोरली. जुनी मालकीण ही उभी आहे. घे गं, पहिली गोळी तुझी."

टोचत होती मूठ. तरी अंगठा बरोबर खळग्यात गेला. डोळ्यांपुढे सगळं पाणी. दहापैकी सात! मला, आयुष्यात पहिल्यांदा, सात! वेंदेलीनने दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाला, "बरं."

मग खिशातून धुतलेलं फडकं काढून खाली वाकला. मी पुसू दिले. वेळ लागला त्याला. दोन्ही बूट पुसू दिले.

कागद भिंतीवर आहे. तक्ता कोणाला मिळाला ते उद्या ओल्डाला विचारायला हवं.